गल्लीतल्या छोट्या बेकरीत पहिल्यांदा जाताय? आधी हे वाचा

मोठ्या शहरातली एक आडबाजूची छोटी बेकरी गाठायला मला चार फेऱ्या लागल्या. पहिल्या फेरीत ती सापडलीच नाही. दुसऱ्या फेरीत सापडली, पण शटर खाली. तिसऱ्या फेरीत शटर वर होतं, आतल्या फळ्या मात्र रिकाम्या होत्या आणि एक ताई ओल्या फडक्याने ओटा पुसत होत्या. घड्याळात साडेअकरा वाजले होते.

"संपलं?" मी विचारलं.

"दहालाच. आणि उद्याचं हवं असेल तर त्यालाही आता उशीर झालाय."

उद्याच्या पावाला आज साडेअकराला उशीर कसा काय होतो? परतीच्या बसमध्ये मी जरा चिडूनच बसलो होतो. पुढे त्याच ताईंकडून त्याचं कारण समजलं आणि मग अशा बेकऱ्यांचं सगळंच कोडं सुटलं. तिथलं घड्याळ भिंतीवर नसतं, टबात फुगत असलेल्या पिठात असतं. पत्ता, वेळ, ऑर्डर, पाव घरी नेणं, सगळं त्या घड्याळावर चालतं. तुमच्या तीन फेऱ्या वाचाव्यात म्हणून क्रमाने सांगतो.

१. आधी खात्री करा: तिथे पाव बनतो की नुसता विकला जातो?

'आर्टिझन', म्हणजे हाताने केलेलं, ही पाटी बहुतेक ठिकाणी कुणीही लावू शकतं. फ्रान्ससारखे अपवाद थोडे. तिथे १९९८ च्या कायद्यानुसार 'बुलांजरी' (पावाची बेकरी) हे नाव त्याच दुकानाला लावता येतं, जिथे पीठ मळणं, आकार देणं आणि भाजणं हे सगळं विक्रीच्या जागीच होतं. बाहेरून आलेले गोठवलेले गोळे नुसते भाजून विकणाऱ्याला ते नाव वापरता येत नाही. बाकीच्यांनी आपले डोळे उघडे ठेवायचे.

मी तीन गोष्टी बघतो. यादी छोटी आहे का? दोन-चार माणसांच्या बेकरीत चाळीस प्रकारचे पाव, केक आणि बिस्किटं एकाच दिवशी हाताने होत नाहीत. माल संपतो का? रात्री नऊलाही फळ्या भरलेल्या आणि सगळं गरमागरम असेल तर मागे गोठवलेला साठा असण्याची शक्यता बरीच. आणि तिसरं, यादीत पिठाचं नाव आहे का? 'होलव्हीट चाळीस टक्के, राय दहा टक्के' (होलव्हीट म्हणजे कोंड्यासकट दळलेला गहू, राय हे गव्हासारखंच एक धान्य) असं कुणी लिहीत असेल तर त्या माणसाने ते पीठ बहुधा स्वतःच्या हाताने मोजलेलं असतं.

गोठवलेले गोळे भाजून विकणं हा काही गुन्हा नाही. पण त्यासाठी तीन बस बदलून बोळात शिरण्याची गरज नाही.

२. पत्ता: नकाशावरची खूण आणि खरं दार या दोन वेगळ्या गोष्टी

अशी बेकरी लपून बसते ती गूढ वाटावं म्हणून नव्हे. तिला रस्त्यावरच्या दर्शनी काचेपेक्षा भट्टीला जागा, मिक्सरला मजबूत जमीन, विजेचा भरपूर भार आणि पहाटे तीनला दिवे लागले तरी कुरकुर न करणारे शेजारी जास्त गरजेचे असतात. मुख्य रस्त्यावरचं भाडं परवडत नाही आणि गिऱ्हाईक बहुतेक ठरलेलंच असतं. म्हणून ती इमारतीच्या मागच्या अंगाला, आतल्या चौकात, तळघरात किंवा जुन्या गोदामात सापडते.

इथला नेहमीचा सापळा असा: नकाशा तुम्हाला इमारतीच्या पुढच्या बाजूला आणून सोडतो आणि दार मागच्या गल्लीत उघडतं. पहिल्या फेरीत मी त्या इमारतीला तीन प्रदक्षिणा घातल्या आणि ओळीने पाटी शोधत राहिलो. पाटी नव्हतीच. राखाडी लोखंडी दारावर तळहाताएवढा कागद चिकटवलेला होता आणि दाराच्या कडीभोवती पिठाच्या बोटांचे पांढरे ठसे होते. ते मला दुसऱ्या फेरीत दिसले.

निघण्यापूर्वी एवढं करा:

- लोकांनी टाकलेल्या फोटोंमध्ये पावाचे फोटो सोडा, दाराचा फोटो शोधा. शंभरात एखादा असतोच.
- बेकरीला निरोप पाठवून एकच प्रश्न विचारा: "आत यायचं कुठल्या बाजूने?" 'पत्ता पाठवा' म्हटलं की तीच चुकीची खूण परत येते.
- बेकरीने स्वतः टाकलेली शेवटची सूचना किती जुनी आहे ते बघा. महिन्याभरात काहीच हालचाल नसेल तर जागा बदललेली किंवा काम बंद असू शकतं. फोन केल्याशिवाय निघू नका.
- तिथे पोचून अडलात तर इमारतीच्या रखवालदाराला विचारा. पहाटे पिठाची पोती त्याच्याच डोळ्यांदेखत उतरतात.

वासावर विसंबू नका. 'वासाच्या मागे जा' हे ऐकायला छान वाटतं, पण तुम्ही पोचता तेव्हा भाजून होऊन बहुधा बराच वेळ झालेला असतो. मी एकदा वासाचा माग काढत गेलो आणि भलत्याच हॉटेलच्या मुदपाकखान्याशी पोचलो.

३. वेळ: पिठाचं घड्याळ समजून घ्या

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात, मीही चुकलो. त्यामुळे हा भाग जरा सविस्तर.

अशा बेकऱ्यांचा मुख्य माल असतो सावरडो. हा पाव बाजारातल्या यीस्टऐवजी स्टार्टरवर फुगवतात. स्टार्टर म्हणजे पीठ आणि पाणी यांचं जिवंत आंबवण. त्यात पिठातूनच आलेली रानटी यीस्ट असते आणि आम्ल तयार करणारे जिवाणू असतात. रोज थोडं जुनं काढून नवं पीठ-पाणी घातलं की ते वर्षानुवर्षं टिकतं. यीस्ट वायू सोडते, त्याने पाव फुगतो. जिवाणूंच्या आम्लामुळे आंबूस चव येते आणि पाव जास्त दिवस टिकतो. दोघांनाही काम करायला वेळ लागतो आणि त्यांना घाई करता येत नाही.

समजा, तुम्हाला शनिवारी सकाळचा पाव हवा आहे. तर तिकडे काय काय घडतं ते बघा.

गुरुवारी रात्री स्टार्टरला पीठ-पाणी घालून शनिवारच्या मालाला पुरेल इतका वाढवतात. शुक्रवारी सकाळी तो फसफसून वर आला की पीठ, पाणी आणि मीठ घालून मळणी होते. मग गोळा चार ते सहा तास टबात पडून राहतो आणि अधूनमधून कुणीतरी ओल्या हाताने त्याच्या कडा ओढून घडी घालतं. दुपारी वजन करून तुकडे पाडतात, आकार देतात, वेताच्या टोपल्यांत ठेवतात. त्या टोपल्या रात्रभर, बारा ते अठरा तास, फ्रीजच्या गारव्यात जातात. शनिवारी पहाटे भट्टी २३० ते २५० अंशांवर तापली की प्रत्येक गोळ्यावर ब्लेडने एक चीर, आत वाफेचा झोत आणि चाळीस-पंचेचाळीस मिनिटं भाजणं. मग जाळीवर निदान तासभर निवणं. झाले सकाळचे आठ!

मी विचारलं होतं ती वेळ आठवा. साडेअकराला उद्याच्या पिठाची मळणी होऊन गेली होती आणि त्यातून किती पाव निघणार ते आकड्यात ठरलं होतं. स्टार्टर तर आदल्या रात्रीच मोजून वाढवलेला. ताई अडून बसल्या नव्हत्या, माझ्या वाटणीचं पीठ टबात नव्हतं.

कारखान्यातला पाव याच्या बरोबर उलट दिशेने गेला. १९६१ मध्ये इंग्लंडमधल्या चोर्लीवूडच्या संशोधन संस्थेत एक पद्धत निघाली. यंत्राने अतिशय जोरात मळायचं, यीस्ट जास्त घालायचं, सोबत काही मदतनीस पदार्थ घालायचे आणि पिठापासून कापून बांधलेल्या पावापर्यंतचा प्रवास साडेतीन-चार तासांत उरकायचा. आपल्याला 'पाव कधीही मिळतो' ही सवय अशा पद्धतींनी लावली. छोट्या बेकरीत ती सवय दाराबाहेर ठेवावी लागते.

क्रॉसाँची, म्हणजे लोण्याच्या पापुद्र्यांच्या फ्रेंच प्रकाराची, गोष्ट याहून नाजूक. पिठात लोणी गुंडाळून लाटायचं, तीन पदरी घडी घालायची, गार करायचं, पुन्हा लाटायचं. अशा तीन घड्या घातल्या की लोण्याचे सत्तावीस थर होतात. लोणी वितळलं तर थर एकमेकांत मिसळतात आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून हे काम दोन-तीन दिवसांत विभागलेलं असतं, आणि कडक उन्हाळ्यात काही बेकऱ्या क्रॉसाँ कमी करतात किंवा बंदच ठेवतात. 'मागच्या वेळी तर होते' म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही.

आता यातून काढायचं काय?

बेकरीला तीन गोष्टी विचारून घ्या: भाजण्याचे दिवस कोणते, पाव हातात किती वाजल्यापासून मिळतो, आणि ऑर्डर कधीपर्यंत द्यायची. 'दुकान किती ते किती' हा प्रश्न इथे जवळजवळ निरुपयोगी आहे. शनिवार-रविवारी दमछाक झाल्यावर सोमवारी किंवा मंगळवारी बंद ठेवणाऱ्या बेकऱ्या पुष्कळ. माझी दुसरी फेरी मंगळवारची होती.

ऑर्डरशिवाय जायचं असेल तर उघडल्यानंतर पहिल्या अर्ध्या तासात पोचा. गोड आणि लोण्याचे प्रकार आधी संपतात, मोठे पाव त्यानंतर. सणाच्या किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी ऑर्डरशिवाय जाणं म्हणजे निव्वळ पायपीट.

४. ऑर्डर: निरोप कसा पाठवायचा

हात पिठात असलेल्या माणसाला फोन करू नये. लेखी निरोप पाठवा आणि सगळं एकदाच लिहा. मी पाठवतो तो निरोप साधारण असा असतो:

"नमस्कार. शनिवारसाठी एक होलव्हीट सावरडो (न कापता) आणि दोन क्रॉसाँ हवे आहेत. साडेआठ ते नऊच्या दरम्यान येतो. पहिल्यांदाच येतोय, आत कुठल्या बाजूने यायचं तेवढं सांगा. पैसे आधी पाठवू की तिथे देऊ?"

'काय काय आहे?', मग तासाभराने 'आणि किंमत?', मग 'बरं, एक द्या' असे तुकडे पाडलेत तर तुमचा निरोप चाळीस जणांच्या गर्दीत खाली जातो.

निरोप वाचल्याची खूण म्हणजे ऑर्डर पक्की, असं समजू नका. "हो" किंवा आकडा, काहीतरी उत्तर आलं पाहिजे. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ दोन निळ्या खुणा बघून अर्धं शहर ओलांडून आले होते. ताईंनी निरोप उघडला होता, पण तेवढ्यात भट्टीची घंटा वाजली होती.

यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा. हा पाव उद्या 'ताजा' म्हणून विकता येत नाही, आणि वीस पावांच्या बेकरीत तुमचा एक पाव म्हणजे दिवसाच्या मालाचा विसावा भाग असतो.

५. सोबत काय न्यायचं

- कापडी पिशवी, तळ रुंद असलेली. गोल पाव अरुंद पिशवीत तिरका बसतो आणि खालची बाजू दबते.
- क्रॉसाँ किंवा क्रीमचे प्रकार घेणार असाल तर कडक डबा. कागदी पिशवीतले क्रॉसाँ गर्दीच्या बसमध्ये चपटे होतात, हे मी दोनदा शिकलो.
- ऑर्डरच्या उत्तराचा स्क्रीनशॉट. तळघरात नेटवर्क मिळेलच असं नाही.
- त्याच कारणासाठी थोडी रोख रक्कम, सुट्ट्या पैशांसकट.
- स्टार्टर मागायचा विचार असेल तर छोटी स्वच्छ बरणी. तिच्या झाकणाबद्दल शेवटी सांगतो.

कागदपत्रं कसलीच लागत नाहीत. बेकरी एखाद्या वसाहतीच्या किंवा कार्यालयांच्या आवारात असेल तर मात्र फाटकावर नाव आणि फोन नंबर लिहावा लागतो, कधी ओळखपत्रही विचारतात. ते खिशात असू द्या आणि पाच मिनिटं हाताशी ठेवा.

६. दारात पोचल्यावर

जागा बहुतेक वेळा एका खोलीएवढी असते आणि तीत मिक्सर, टेबल, भट्टी आणि माणसं दाटीवाटीने असतात. विक्रीचा ओटा म्हणजे दाराशी आडवी टाकलेली फळी. ती ओलांडून आत डोकावू नका. भट्टीतून निघालेला ट्रे घेऊन वळणाऱ्या माणसाला तुम्ही दिसत नाही.

रांग असेल तर ती ऑर्डरवाल्यांची आहे की सगळ्यांची, ते पुढच्याला विचारा. बऱ्याच ठिकाणी ऑर्डर घेऊन जाणाऱ्यांना बाजूने घेतात. पावाला बोट लावून 'मऊ आहे का' ते बघायचं नाही. हवं तर दाखवायला सांगा, बेकरीवाले पाव उलटा करून तळाशी टिचकी मारतील. पोकळ, ढोलक्यासारखा आवाज आला तर आतून नीट भाजला गेलाय.

फोटोंचं म्हणाल तर फळीवरच्या पावांचे खुशाल काढा. माणसांचे आणि आतल्या कामाचे विचारून काढा. आणि कृपा करून दाराचा एक काढा, पुढच्या माणसाचे आशीर्वाद मिळतील.

७. पहिल्यांदा काय घ्यावं

माझं स्पष्ट मत: पहिल्या खेपेला बेकरीचा सगळ्यात साधा पाव घ्या. पीठ, पाणी, मीठ आणि स्टार्टर एवढंच असलेला. अक्रोड, ऑलिव्ह, चीज यांच्या आड बरंच काही लपतं. साध्या पावात लपायला जागा नसते.

नवीन माणूस दोन गोष्टींना बिचकतो. एक म्हणजे रंग. हा पाव गडद तपकिरी असतो, चिरेच्या कडेला जवळजवळ काळपट. 'जरा करपलाय, दुसरा द्या' असं मीही म्हणालो होतो. मुळात तो रंगच चवीचा आहे. तापलेल्या भट्टीत पिठातली साखर आणि प्रथिनं यांच्यात प्रक्रिया होते, तिचं वर्णन लुई-कामीय माइयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केलं. भाजलेल्या कॉफीचा वास बऱ्याच अंशी तिच्यातूनच येतो. करपलेला पाव कडू लागतो, गडद पाव लागत नाही. कवच चावून बघितलं की फरक कळतो.

दुसरी गोष्ट भोकांची. आतली जाळी मोठमोठ्या भोकांची असली म्हणजे पाव चांगला, असा एक समज फोटोंमुळे पसरलाय. भोकं पाण्याच्या प्रमाणावर, पिठावर आणि हाताळणीवर अवलंबून असतात. बेकरीत पीठ शंभर धरून बाकी सगळ्याचे टक्के मोजतात: पाणी ७० ते ८०, मीठ साधारण २. पाणी जास्त तर जाळी मोकळी. पण होलव्हीट किंवा राय जास्त असलेला पाव घट्टच असणार, तसाच तो हवा. लोणी लावून खायचं असेल तर मोठ्या भोकांचा पाव उलट त्रासदायक, निम्मं लोणी ताटलीत गळतं.

पूर्ण पाव जास्त होत असेल तर अर्धा मागा, बरेच जण देतात. कापून मागायचा असेल तर तो निवलेला आहे का ते विचारा. गरम पाव यंत्रात घातला की गर पात्यांना चिकटतो आणि कापांचा लगदा होतो, म्हणून बेकरीवाले नकार देतात.

क्रॉसाँ घेतलात तर तिथेच एक मोडून बघा. चांगल्याचा आवाज येतो, पापुद्रे अंगावर सांडतात आणि आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. आत नुसताच मऊ, ब्रेडसारखा गर असेल तर थर कुठेतरी मिसळलेत. खाऊन झाल्यावर टाळ्याला मेणचट थर राहिला तर लोण्याऐवजी मार्जरिन (तेलापासून केलेला लोण्याचा पर्याय) वापरलं असण्याची शंका घ्यायला हरकत नाही.

८. काय विचारावं

गर्दी ओसरली असेल तर प्रश्न विचारा, बेकरीवाल्यांना आवडतं. "पीठ कुठलं?", "किती तास आंबवता?", "यात वरून यीस्ट घालता का?" हे तीन पुरेत. वरून थोडं यीस्ट घालणं ही फसवणूक नाही, काही पावांना ते लागतं. पण विकणाऱ्याने ते सरळ सांगावं. 'सावरडो' नावाने विकलेल्या पावाच्या घटकांत यीस्ट आणि व्हिनेगर दोन्ही दिसले तर आंबूसपणा बाटलीतून आलाय असं समजा.

घरात कुणाला सीलिएक आजार (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो) असेल तर हे नीट वाचा. आंबवल्यामुळे सावरडोतलं ग्लूटेन थोडंफार मोडतं, पण जात नाही. गहू, राय आणि बार्ली, तिन्हींत ग्लूटेन असतं. 'सावरडो चालतो म्हणे' या ऐकीव सल्ल्यावर सीलिएकच्या रुग्णाला तो देऊ नका. शिवाय छोट्या बेकरीत पीठ हवेत उडत असतं, त्यामुळे त्याच खोलीत केलेला ग्लूटेनविरहित केकही अशा माणसासाठी सुरक्षित नसतो. दाणे, तीळ, अंडी यांची ॲलर्जी असेल तर ऑर्डर देतानाच लिहा, दारात आठवण करून देऊ नका.

९. घरी नेणं आणि ठेवणं

चौथ्या फेरीत अखेर माझ्या हातात पाव आला. कोमट होता, कागदातून ऊब येत होती. कानाशी धरला तर चक्क बारीक चुरचुर ऐकू येत होती. कवच निवताना आकसतं, त्याला तडे जातात, त्याचा तो आवाज. मी हरखलो आणि 'पाऊस आला तर' म्हणून तो तसाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली. तासाभराने घरी पिशवी उघडली तेव्हा आतून पाण्याचे थेंब ओघळत होते आणि कवच ओल्या पुठ्ठ्यासारखं झालं होतं.

म्हणून: कोमट पाव कधीही बंद पिशवीत घालू नका. कागदात, तोंड उघडं ठेवून न्या.

घरी गेल्या गेल्या कापू नका. भट्टीतून निघाला तरी आतली वाफ आणि स्टार्च स्थिरावत असतो. तेव्हा कापलात तर गर चिकट लागतो आणि पाव कच्चा आहे असं वाटतं. गव्हाचा पाव भट्टीतून निघाल्यापासून दोन तास तरी थांबू द्या. रायचा भरपूर वाटा असलेला पाव तर दुसऱ्या दिवशीच कापावा. दातेरी सुरी वापरा आणि दाबू नका, करवतीसारखी पुढे-मागे चालवा.

ठेवण्याचं सूत्र सोपं आहे. पहिले दोन दिवस कापलेली बाजू खाली करून फळीवर उभा, वरून स्वच्छ कापड. फ्रीजमध्ये अजिबात नाही. पाव शिळा होतो तो फक्त पाणी उडून गेल्यामुळे नव्हे, त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो म्हणून. आणि ही क्रिया फ्रीजच्याच तापमानाला सगळ्यात वेगाने होते. फ्रीझरमध्ये मात्र ती जवळपास थांबते. उरलेल्या पावाचे काप करून, हवाबंद पिशवीत घालून थेट फ्रीझरमध्ये टाका आणि लागतील तसे टोस्टरमध्ये भाजा. हवा दमट असेल तर बाहेर ठेवलेल्या पावाला तिसऱ्या दिवशी बुरशी येऊ शकते. बुरशी दिसली की तेवढाच भाग कापून बाकीचा खायचा नाही, पाव मऊ असल्याने ती आत पसरलेली असते.

अख्खा पाव मरगळला असेल तर कवचावर पाण्याचा हात फिरवा आणि १८० अंशांच्या ओव्हनमध्ये आठ-दहा मिनिटं ठेवा. जवळजवळ पहिल्यासारखा होतो. क्रॉसाँला पाणी नको, १६० अंशांवर पाच-सहा मिनिटं पुरे. मायक्रोवेव्हमध्ये घातलात तर तो आधी रबरासारखा होतो आणि मग दगडासारखा. क्रीमचे प्रकार घेतले असतील तर वाटेत कुठेही न थांबता घरी या, ते फ्रीजमध्ये टाका आणि त्याच दिवशी संपवा.

१०. स्टार्टर मागायचा असेल तर

चार-पाच खेपा झाल्या, ओळख झाली, की चमचाभर स्टार्टर मागायला हरकत नाही. रोज निगा राखताना थोडा काढून टाकावाच लागतो, त्यामुळे बहुतेक जण खुशीने देतात. घरी आणल्यावर जितका स्टार्टर, तितकंच पीठ आणि तितकंच पाणी, वजनाने, मिसळून ठेवा. खोलीत ऊब असेल तर चार ते आठ तासांत तो दुप्पट होतो. क्लोरीनचा उग्र वास येणारं पाणी असेल तर ते आधी भांड्यात उघडं ठेवा किंवा उकळून गार करा.

आणि बरणीचं झाकण नुसतं टेकवा, फिरवून घट्ट बसवू नका. ताईंनी मला हे सांगितलं होतं. "सैल ठेवा हं, जिवंत आहे ते." मी मान हलवली आणि बाहेर येऊन, पिशवीत सांडू नये म्हणून, झाकण चांगलं आवळलं. दुपार होती, बस भरलेली, बरणी मांडीवरच्या पिशवीत. तिसऱ्या थांब्याच्या आसपास 'फट्' असा आवाज आला. शेजारच्या आजोबांनी दचकून आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बाहीकडे. बाहीवर करड्या रंगाचा, बुडबुडे येणारा एक थेंब होता. त्यांनी तो हुंगला.

"आंबलंय," ते म्हणाले, आणि माझ्याकडून रुमाल मागून घेतला.